दर सेकंदाला एक गोसेखुर्द

पावसाळ्यात वैनगंगा फुगली आणि गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडले, की पवनीकडची माणसं गाड्या काढून धरण बघायला जातात. अंगावर तुषार येतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि जो तो एकच म्हणतो : केवढं हे पाणी! केवढं, ते आकड्यात सांगता येतं. धरण काठोकाठ भरलं तर त्यात सुमारे ११५ कोटी घनमीटर पाणी मावतं. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख होती. तेवढ्यांत हे पाणी वाटलं, तर माणशी साडेनऊ लाख लिटर येईल.

धान मोजायला पायली आणि खंडी लागते, तसं पुढे जे मोजायचं आहे त्यासाठी मला हे धरण हवं आहे. याहून लहान मापटं तिथे पुरत नाही, आणि खरं सांगायचं तर हेही पुरणार नाही.

मोजायचं आहे मिथेनॉल. मोहफुलं आंबवून भट्टीतून जे टपकतं ते इथेनॉल. मिथेनॉल त्याचाच धाकटा, पण घातकी भाऊ. कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे चार, असे सहा अणू मिळून त्याचा एक रेणू होतो. पूर्वी बंद भट्टीत लाकूड तापवून ते काढत, म्हणून त्याला लाकडाचं अल्कोहोलही म्हणतात. दहा मिलिलिटर पोटात गेलं तरी माणसाचे डोळे जाऊ शकतात. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं दगावली, तेव्हा त्या दारूत हेच होतं. त्याच वर्षी हाच रेणू आकाशातही पेटला होता. ती हकिगत पुढे येईल.

आकाशात मिथेनॉल सापडतं ते प्रचंड तारे जन्माला येतात तिथे. सूर्याच्या आठ-दहापट किंवा त्याहून जड तारा ज्या गाभ्यात घडतो, तो गाभा म्हणजे थंड वायू आणि काजळीसारखी धूळ. धुळीच्या कणांवर बर्फ साचतं, त्या बर्फावर कार्बन मोनॉक्साइडला एकेक हायड्रोजन चिकटत जातो आणि मिथेनॉल तयार होतं. आतला तारा तापायला लागला, की पौषातलं दहिवर सकाळच्या उन्हाने उडावं तसं ते बर्फ उडतं आणि मिथेनॉल वायूत मिसळतं. अशा जागी दर एक कोटी हायड्रोजन रेणूंमागे मिथेनॉलचा एक रेणू, हा सावध अंदाज आहे; काही ठिकाणी प्रमाण दहापट भरतं.

कोटीत एक म्हणजे काहीच नाही असं वाटतं. हिशेब करून पाहू. गाभा शंभर सूर्यांच्या वजनाचा धरला (हा काही फार मोठा नव्हे), तर त्यातल्या मिथेनॉलचं वस्तुमान सुमारे ३८ पृथ्व्यांइतकं होतं. द्रव करून ते गोसेखुर्दमध्ये ओतायला घेतलं, तर अडीच कोटी कोटी धरणं लागतील. अडीचवर चौदा शून्यं. दर सेकंदाला एक धरण भरत आणि रिकामं करत राहिलो, रात्र नाही, दिवस नाही, सणवार नाही, तरी काम संपायला ऐंशी लाख वर्षं लागतील. आणि तो तारा स्वतः साधारण एक लाख वर्षांत घडून मोकळा होतो.

हे वाचून कुणाला तिथे मिथेनॉलचा समुद्र उसळत असेल असं वाटेल. तसं नाही, आणि मला सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट हीच वाटते. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घनसेंटीमीटरमध्ये पंचवीस आणि त्यावर अठरा शून्यं, कमी-अधिक इतके रेणू असतात. ताऱ्याच्या गाभ्यातल्या चांगल्या दाट जागीही तेवढ्याच जागेत रेणू असतात एक कोटीच्या आसपास, आणि त्यात मिथेनॉलचा एक. फार तर दहा. बोटाच्या पेराएवढ्या जागेत एक रेणू, आणि तरी एकूण बेरीज ३८ पृथ्व्या! जागाच इतकी अफाट आहे.

इतकं विरळ असलेलं काही हजारो प्रकाशवर्षांवरून कळतं कसं? १९७० साली ते पहिल्यांदा कळलं. अमेरिकेतल्या ग्रीन बँकची ४३ मीटर व्यासाची दुर्बीण आकाशगंगेच्या मध्याकडे रोखलेली होती आणि ८३४ मेगाहर्ट्झवर मिथेनॉलची रेषा उमटली. तो संदेश निघाला तेव्हापासून सव्वीस हजार वर्षं उलटली होती. योगायोग असा, की १९६९-७० याच हंगामात आपल्या पवनीत शां. भा. देव आणि जगतपती जोशी जगन्नाथ टेकडीवर खणत होते आणि दोन हजार वर्षांहून जुना स्तूप मातीतून वर येत होता. दोन्ही कामं एकाच जातीची वाटतात मला.

पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात मिथेनॉलचा सूर वेगळाच लागला. आपल्याकडे मृग लागला की धानाचे पऱ्हे टाकायची घाई होते. त्याच मृगाच्या पोटात, साडेतेराशे प्रकाशवर्षांवर, हा रेणू नुसता बोलत नव्हता, एका सुरात गात होता. याला मेसर म्हणतात. लेझर प्रकाशाचा असतो, मेसर सूक्ष्मलहरींचा. चार्ल्स टाउन्स यांनी १९५०च्या दशकात अमोनियाचा मेसर प्रयोगशाळेत बनवला आणि १९६४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. निसर्ग मात्र ते काम आधीपासून करत होता.

रोवणीच्या वेळी बांधीत पंधरा-वीस बाया ओणव्या असतात. सगळ्यांच्या ओठांवर गाणं तयार असतं, पण कुणीतरी पहिली ओळ उचलावी लागते. ती उचलली की शेजारीण उचलते, मग तिच्या पलीकडची, आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत आवाज भरून जातो. मेसरमध्ये रेणूंना आधी कुणीतरी वरच्या पायरीवर चढवून ठेवतं. मग एखादी लहर जवळून गेली की एकेक रेणू खाली उतरतो आणि उतरताना तंतोतंत तीच लहर सोडतो. घनसेंटीमीटरमध्ये एक-दोन का होईना, पण वाट कोट्यवधी किलोमीटरची असली की लहर वाढत वाढत जाते. शेवटी तिची झळाळी लाख कोटी अंश तापमानाच्या वस्तूसारखी दिसते, आणि वायू मात्र बर्फाहून कितीतरी थंड असतो.

रेणूंना पायरीवर चढवणारे दोन आहेत, म्हणून मेसरही दोन जातींचे. एका जातीला ताऱ्याजवळच्या तापलेल्या धुळीची ऊब चढवते. त्यातला सर्वांत तेजस्वी ६.७ गिगाहर्ट्झचा, १९९१ मध्ये कार्ल मेंटेन यांनी शोधलेला. त्याची लहर साडेचार सेंटीमीटरची, आणि तो फक्त जड ताऱ्यांच्याच पाळण्याशी आढळतो. दुसरी जात ताऱ्यापासून लांब उमटते. ताऱ्यातून सुटलेला वायूचा लोंढा भोवतालच्या वायूवर आपटतो तिथे रेणू एकमेकांवर आदळून वर चढतात. पहिला मेसर घरातला दिवा म्हटला, तर दुसरा म्हणजे पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते सांगणारी भिंतीवरची रेघ. धुळीच्या आड काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, पण रेडिओला हे दोन्ही दिसतात. आपल्या आकाशगंगेत ६.७ गिगाहर्ट्झचे असे हजाराच्या आसपास दिवे सापडले आहेत. त्यांतले काही जगदीप पांडियन, पॉल गोल्डस्मिथ आणि अविनाश देशपांडे यांनी पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर थाळीने शोधले : २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ८६ मेसर होते आणि त्यांतले ४८ तोवर कुणालाच ठाऊक नव्हते.

एका दिव्याचा आवाका सांगतो. शर्मिष्ठेच्या दिशेला डब्ल्यू थ्री ओएच नावाची जागा आहे. एप्रिल २००६ मध्ये ब्रिटनच्या जॉड्रेल बँकच्या लिसा हार्वे-स्मिथ यांनी तिथे मिथेनॉल मेसरचा एक सलग पट्टा दाखवला. लांबी ४६ हजार ३०० कोटी किलोमीटर. ताशी साठने न थांबता धावणारी एसटी ते अंतर तोडायला पावणेनऊ लाख वर्षं घेईल. प्रकाशालाही अठरा दिवस लागतात. त्याच जागेचं अंतर त्याच वर्षी शू आणि सहकाऱ्यांनी मिथेनॉलच्याच मेसरवरून काढलं : ६,३६० प्रकाशवर्षं, चूक झाली तर दोन टक्क्यांची. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तो दिवा मागच्या आकाशावर किती सरकतो, ते त्यांनी मोजलं. तो कोन इतका बारीक, की मुंबईत बसून भंडाऱ्यातल्या तांदळाच्या एका दाण्याची रुंदी बघावी. दोन टक्के म्हणजे त्या रुंदीतही केसापेक्षा पातळ चूक. या मोजणीपुढे मी खरोखर हात जोडतो.

आता लोंढ्यांकडे येऊ. आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगाव आहेत. तलाव बांधणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : पाणी आत घ्यायचं असेल तर सांडवा ठेवावाच लागतो, नाही तर पाळ फुटते. ताऱ्याचंही तसंच आहे. वायू सरळ खाली पडत नाही, गरगरत येतो, आणि आत येईल तसा त्याचा फेर वाढतो. तो फेर कमी झाल्याशिवाय ताऱ्याच्या अंगावर काही पडू शकत नाही. म्हणून चुंबकीय बळाच्या आधारे थोडा वायू दोन्ही ध्रुवांच्या बाजूंनी बाहेर फेकला जातो आणि जाताना फेर घेऊन जातो. तो वाटेतल्या थंड वायूलाही पुढे ढकलतो. जड ताऱ्यांचे असे लोंढे दर वर्षाला सूर्याच्या हजाराव्या भागाएवढा वायू सहज वाहून नेतात. सूर्याचा हजारावा भाग म्हणजे ३३३ पृथ्व्या. रोजची जवळपास एक.

यातला एक लोंढा आपल्या महाराष्ट्रातून पाहिला गेला आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी आहे : गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. पोलादी तारांची जाळी दोरांवर ताणून या थाळ्या केल्या आहेत, म्हणून त्या हलक्या आणि स्वस्तही झाल्या. ६.७ गिगाहर्ट्झचा मेसर खोडदच्या कानांना ऐकू येत नाही, ती दुर्बीण खालच्या सुरांची आहे. मिथेनॉलचा १९७० मधला तो पहिला, ८३४ मेगाहर्ट्झचा सूर मात्र तिच्या पट्ट्यात येतो. आणि लोंढे तर तिला चांगलेच दिसतात. तिरुवनंतपुरमच्या अंतराळ संस्थेतल्या सरिता विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनु राशीतला एचएच ८०-८१ नावाचा झोत खोडदहून तपासला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. त्या झोतात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय रेषांभोवती गरगरतात, हे त्याच्या रेडिओ रंगावरून कळतं.

झोताची लांबी जुन्या मोजणीप्रमाणे सतरा प्रकाशवर्षं. हा आकडा डोक्यातून निसटतो, म्हणून तो जमिनीवर मांडू या. सूर्य म्हणजे एक हरभरा, तो भंडाऱ्यात ठेवा. पृथ्वी त्यापासून एक मीटरवर. मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक, धुळीचा कण म्हणा. नेपच्यून तीस मीटरवर, म्हणजे मोठ्या वाड्याच्या अंगणाच्या कडेला. डब्ल्यू थ्री ओएचमधला मिथेनॉलचा पट्टा याच मापात तीन किलोमीटर भरतो. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा अकोल्याच्या थोडा अलीकडे. आणि हरभऱ्याच्या जागी तो धनु राशीतला जन्मणारा तारा ठेवला, त्याच्या दोन्ही बाजू साधारण सारख्या धरल्या, तर झोताचं एक टोक शिर्डीला पोचतं आणि दुसरं राउरकेल्याला. एका हरभऱ्याने फेकलेला वायू अर्धा महाराष्ट्र, आख्खं छत्तीसगड ओलांडतो.

याच मापात आपण त्या ताऱ्यापासून किती लांब आहोत? सुमारे तीन लाख किलोमीटर. खऱ्या चंद्राच्या वाटेवर तीन चतुर्थांश. तिथून, चंद्राच्या जवळून, शिर्डीपासून राउरकेल्यापर्यंतची एक अंधुक रेघ खोडदची दुर्बीण पाहते.

झोतातल्या गाठी सेकंदाला सहाशे ते चौदाशे किलोमीटर वेगाने सरकतात. भंडारा रोड स्थानकातून सुटलेली गाडी त्या वेगाने गेली तर एका सेकंदाच्या आसपास मुंबईला लागेल. एवढा दांडगा वेग, पण आपल्यापर्यंत येणारी ऊर्जा? अशा उगमांची तीव्रता एक मिलिजान्स्कीच्या घरात असते; जान्स्की हे रेडिओ लहरींची तीव्रता मोजायचं माप. खोडदच्या तीसही थाळ्यांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे बारा एकर. बारा एकरांवर पडलेली ती ऊर्जा, दहा कोटी हर्ट्झचा पट्टा घेऊन, जराही वाया न घालवता साठवत गेलो आणि तिच्याने वीस मिलिग्रॅमचा तांदळाचा एक दाणा एक सेंटीमीटर उचलायचा ठरवला, तर तेराशे वर्षं थांबावं लागेल. हा हिशेब मी तीनदा करून पाहिला. उत्तर तेच आलं.

आता ती २०१५ ची गोष्ट. नवतप्यात अंगणात खाट टाकून झोपणाऱ्याला मध्यरात्रीनंतर दक्षिणेला विंचू दिसतो. त्याच्या नांगीशी मूळ नक्षत्र. हात लांब करून नांगीपासून दोन बोटं उजवीकडे वर गेलं की तिथे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, एनजीसी ६३३४ नावाचा तेजोमेघ आहे, बेचाळीसशे प्रकाशवर्षांवर. २०१५ च्या जानेवारीच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतल्या हार्टेबीस्टहूकच्या २६ मीटर दुर्बिणीत तिथले मेसर भडकू लागले. एक नाही, मिथेनॉल, पाणी आणि हायड्रॉक्सिल मिळून दहा सुरांत. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने बघितलं तर आतल्या एका कोवळ्या ताऱ्याचं तेज दहापटींहून अधिक वाढलेलं. पोटात एकदम मोठा घास गेला होता, आणि त्या उबेने मेसर पेटले होते.

त्याच वर्षी मिथुन राशीच्या दिशेला एस २५५ मध्ये तसंच झालं, आणि तिथला हिशेब नीट मांडता आला. वीस सूर्यांच्या वजनाचा तो तारा उसळीच्या काळात वर्षाला सूर्याच्या दोनशेव्या भागाच्या वेगाने वायू गिळत होता. म्हणजे दिवसाला साडेचार पृथ्व्या. न्याहारीला एक, दुपारी एक, तिन्हीसांजेला एक, रात्री एक, आणि वर अर्धी. त्या एका उसळीत बाहेर पडलेली ऊर्जा आपल्या सूर्याला द्यायला एक लाख वर्षं लागतात. उसळीची पहिली वर्दी कुणी दिली? जपानी दुर्बिणींनी टिपलेल्या मिथेनॉलच्या मेसरने.

मग जगभरच्या मेसर पाहणाऱ्यांनी एकमेकांना तातडीने कळवायची व्यवस्था बसवली. जानेवारी २०१९ मध्ये जपानच्या इबाराकीहून हाक आली : आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेला आणखी एक मेसर पेटला आहे. या वेळी सगळे वेळेवर पोचले. काही आठवड्यांच्या अंतराने नकाशे काढले तर मेसरचे ठिपके ताऱ्यापासून बाहेर बाहेर सरकलेले. वायू सरकत नव्हता, ऊब सरकत होती. धुळीतून वाट काढणारी उष्णतेची लाट, प्रकाशाच्या चार ते आठ टक्के वेगाने. सेकंदाला बारा ते चोवीस हजार किलोमीटर. ती जिथे पोचायची तिथलं मिथेनॉल पेटायचं, आणि पुढे गेली की मागचं विझायचं. धुळीच्या आडचा जन्म माणसाला इतका जवळून कधी दिसला नव्हता.

मूळ नक्षत्राजवळची ती उसळी आपल्याला २०१५ मध्ये दिसली, पण झाली बेचाळीसशे वर्षांपूर्वी. तेव्हापासून तो तारा उपाशी बसलेला नसावा. वर्षाला सूर्याचा हजारावा भाग, एवढाच साधा घास धरला, तरी मधल्या काळात त्याच्या अंगावर चार सूर्य चढले असतील. चार सूर्य म्हणजे तेरा लाख पृथ्व्या; भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसामागे एक, अंगणात रांगणाऱ्या पोरासकट.